हिरव्या छपराचं घर

नोकरी सोडताना ऑफिसला चावी परत द्यावी लागते. किस्से कोणी मागत नाही. ते माझ्याकडेच राहिले.

मी चौथी शिकलेला. जन्म जमीनमोजणीची साखळी ओढण्यात गेला. निवृत्तीनंतर घोडबंदर रोडच्या एका नकाशा ऑफिसात लागलो. काम एकच. कॉम्प्युटर सांगतो ते जागेवर जाऊन बघायचं.

*

तिथे डोंबिवलीची सायली होती. घरांची एक लेयर, नळांची दुसरी, जमिनीची तिसरी. तिन्हींमधली माहिती ती एका तक्त्यात आणायची. मला कळेना.

"काका, तीन ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवा. वरून टाचणी टोचा. टाचणीखाली तिन्ही कागदांवर जे असेल, ते एका ओळीत लिहा. झालं."

शाळेत असं कोणी सांगितलं असतं तर मी पाचवीत गेलो असतो.

*

ठाण्यातल्या खोपट भागातल्या एका इमारतीला एका लेयरमध्ये चार मजले, दुसरीत शून्य. साहेब म्हणाले, "सरासरी घ्या."

सायली म्हणाली, "घेते सर. वरच्या दोन मजल्यांना खाली यायला कोण सांगणार?"

साहेबांनी चहा मागवला.

*

मग साहेबांनी नियम केला. लेयर भांडल्या तर नवी खरी.

या नियमात कोलशेतच्या हिराबाईंचं घर गेलं. गेल्या वर्षी मीच ते घरांच्या यादीत घेतलं होतं. आता ड्रोनच्या नव्या फोटोत छप्पर हिरवं आलं आणि कॉम्प्युटरने तिथे खाडीची झाडी लिहिली. नकाशा तसाच गेला असता तर घर नोंदीतून बाद.

मी जाऊन आलो. "घर उभं आहे. पत्रा करडा आहे."

साहेब म्हणाले, "फोटो खोटं बोलतो का, काका?"

"मी तरी बोलत नाही."

सायलीने तक्त्यात नवा रकाना घातला, 'जागेवर कोणी पाहिलं'. त्यात माझं नाव लिहिलं. तोवर माझं नाव फक्त हजेरीपटावर असायचं.

*

साहेब हटेनात. त्यांनी हिराबाईंनाच बोलावलं आणि फोटो दाखवला. "आजी, छपरावर हे हिरवं काय?"

"मासलीचं जालं हाय. सुकत घातलंय."

"मग आता पत्रा करडा कसा?"

"जालं इकलं. मालक गेले तवा. तीन वरसं झाली."

साहेबांनी फाइल पाहिली. तिच्यावरची तारीख फोटोची नव्हतीच, फाइल ऑफिसात आली त्या दिवसाची होती. त्यांनी स्वतः नियम खोडला. सायलीने झाडी काढून 'घर' लिहिलं.

हिराबाई उठल्या नाहीत. "पोरी, जरा मोठं कर."

सायलीने फोटो मोठा केला. जाळ्याच्या कडेला एक माणूस बसलेला होता.

साहेबांनी आपली खुर्ची पडद्याजवळ आणून हिराबाईंना दिली.