नुसता भात मागितला होता

दोन वर्षं माझ्या अंगावर पित्ताच्या गांधी उठत होत्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सहा आठवड्यांचं कडक पथ्य लावलं. गहू, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, तीळ, शेंगदाणे, सगळं बंद. नंतर एकेक पदार्थ परत खाऊन कशानं उठतंय ते शोधायचं. सोलापुरात शेंगाचटणीशिवाय जेवायचं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांनाच कळेल. मी अठरा दिवस ज्वारीची भाकरी, मूग आणि दुधीवर काढले. गांधी बसल्या, शांत झोप लागायला लागली.

एकोणिसाव्या दिवशी धाकट्या दिरांना बढती मिळाली. जावेनं जुळे सोलापूर भागातल्या नव्या जपानी हॉटेलात जेवण ठरवलं.

"मी घरून जेवून येते," मी म्हटलं.

"ताई, आमच्या आनंदात दोन घास नाही खाणार?" तिनं विचारलं. मला भीड पडली.

दार उघडताच ओल्या फडक्याचा आणि सुक्या मासळीचा वास आला. त्यावर कसलासा गुलाबाच्या वासाचा फवारा मारलेला. मेनूकार्ड हाताला चिकटत होतं. त्यातल्या प्रत्येक पदार्थात सोया सॉस नाहीतर तीळ, आणि बहुतेकांवर मेयोनेजच्या रेघोट्या. मी पन्नाशीच्या वेटरला एकेक गोष्ट समजावून सांगितली.

"सोया म्हंजे ते भाजीचं सोयाबीन न्हाय ओ म्याडम," तो म्हणाला. "ह्ये नुसतं काळं पानी हाय."

"तेच चालत नाही. नुसता भात आणा, मीठ घालून उकडलेल्या भाज्या आणा. तेलही नको."

त्यानं मान डोलावली. जाऊ त्याच्यामागून हात धुवायला गेली.

ताटं आली. भाताच्या वळकट्यांना गुंडाळलेलं समुद्री शेवाळ दिरांच्या पुढच्या दाताला चिकटलं, तरी ते बोलतच होते. नूडल्स ओढताना त्यांच्या हनुवटीवरून तपकिरी ओघळ यायचा आणि तो ते जिभेनं टिपायचे. जाऊ कच्च्या माशाचा लिबलिबीत तुकडा काड्यांत धरून सगळ्यांच्या तोंडासमोर नाचवत होती.

माझ्यापुढे वाडगा आला. भात किंचित पिवळसर दिसला. पहिल्याच घासाला गोडसर, खारट चव लागली. मला शंका आली, तरी मी आणखी तीन घास खाल्ले. कशाला सगळ्यांसमोर तमाशा, म्हणून. आजही त्या तीन घासांची मला किळस येते.

शेवटी न राहवून मी वेटरला बोलावलं. "यात काय घातलंय?"

तो बावरला. "थोडा सॉस हाय की. ह्या म्याडमच म्हनल्या, नेहमीसारखंच करा, त्यांना कळनार न्हाय."

जाऊ हसली. "बघा, कळलं का आधी? मनाचे खेळ असतात, ताई."

नवरा हळूच म्हणाला, "जाऊ दे ना, एवढंसं तर आहे."

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. माहेर सांगोल्याकडचं, मेंढ्या राखणारं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"मेंढराला एकादा पाला बाधतो म्हटल्यावर आमी त्यो पुन्यांदा चारत न्हाय," त्या जावेला म्हणाल्या. "ही तर माणूस हाय. हसतीस काय?"

मी बेसिनकडे पळाले. ते तुंबलेलं होतं. तेलकट पाण्यावर कुणाची तरी शितं तरंगत होती. मी तिथंच ओकले.

घरी पोचेपर्यंत मानेवर, पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या. ओठ सुजला. तेव्हा कुठं नवरा घाबरला आणि मला इंजेक्शनला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पथ्य पुन्हा पहिल्या दिवसापासून."

केलं. या खेपेला सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळा तवा आणि वेगळी पळी काढली, कुणाला हात लावू दिला नाही. पथ्य संपल्यावर एकेक पदार्थ खाऊन पाहिला. शेंगदाणे चालले, गहू चालला, दूधही चाललं. सोयाबीननं मात्र तासाभरात अंग गांधींनी भरलं.

जाऊ घरी आली तेव्हा तिला मी ते सांगितलं. तिनं चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "मग त्या दिवशीच कळलं होतं की! उगाच एवढे दिवस घालवलेत."

मी उठून आत गेले आणि ती जाईपर्यंत बाहेर आले नाही.