खिडकीसमोरचे संडास

मला माणसांवर चटकन विश्वास ठेवता येत नाही. भाजीवाल्या भैयानं वर फुकट कोथिंबीर घातली, तरी खालचे टोमॅटो मी उलटून पाहते. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या बँकेनं आम्हाला लखनौला धाडलं आणि मला एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअरची नोकरी मिळाली, तेव्हा हा स्वभाव गुणात जमा झाला.

शहराच्या दक्षिणेला घरांची मोठी वसाहत उभी राहत होती. मजुरांचे संडास कुठे ठेवायचे हे ठरवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पुरुष इंजिनिअरांना त्यात कमीपणा वाटे. लोखंडी चौकटीला पत्रे ठोकलेले ते डबे. खड्डा भरला की चार माणसांनी उचलून नव्या खड्ड्यावर ठेवायचे. बायकांचे तीन डबे आंब्याच्या झाडांमागे होते.

आणि तिकडे गेलेल्या बायका लवकर परतत नसत. विटा वाहणाऱ्या या बायका बिलासपूरकडच्या. आपसांत बोलू लागल्या की मला ओ की ठो कळायचं नाही. एकटी म्हणून कुणी जायची नाही, नेहमी दोघी, कधी तिघी. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पत्रे पळवतात की सावलीत झोपा काढतात? मी घड्याळ लावून पाहू लागले. नवरा म्हणाला, "अगं, लोकांच्या संडासाच्या वेळा कसल्या मोजतेस!" मी म्हटलं, "तुला साइटवरचं काय कळतंय?"

शेवटी एका सोमवारी मी तिन्ही डबे उचलून थेट माझ्या ऑफिसच्या खिडकीसमोर आणवले, दारं माझ्याकडे करून. कोण कधी आत गेली, कधी बाहेर आली, ते मला बसल्या जागी दिसायला हवं होतं.

त्या दिवसापासून कुणी जाईचना. हजेरी घेणारा मुन्शी माझ्याच टेबलापाशी बसायचा. तो म्हणाला, "मैडम, आपने तो सबको सीधा कर दिया." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मे महिना होता, लू वाहत होती आणि बायकांचे पाण्याचे घडे संध्याकाळीही भरलेलेच असत. त्याचाही मला संशय आला. नक्की कुठल्या तरी हँडपंपावर जाऊन गप्पा ठोकत असणार!

दहाएक दिवसांनी एक तरुण बाई डोक्यावरच्या विटा टाकून, पोट धरून खालीच बसली. अंग तापलेलं होतं. नाटक करतेय, असंच मला वाटलं. आज लिहितानाही लाज वाटते. खात्री करायला म्हणून मी स्वतः तिला रिक्षानं दवाखान्यात नेलं. तिची सासूही साइटवरच कामाला होती, ती बरोबर आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि रागानं पाहिलं ते माझ्याकडे. पाणी न प्यायल्यानं, लघवी दाबून ठेवल्यानं संसर्ग पार मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं.

बाहेरच्या बाकावर मी सासूवर उखडले. "घड़े भरे रखे हैं! पानी क्यों नहीं पीतीं तुम लोग?"

"पिएँगे तो जाना पड़ेगा, मैडम जी. अंदर कुंडी नहीं है. पेड़ों के पीछे थे तो एक जाती थी, दूसरी दरवाज़ा पकड़ती थी. अब सामने मुंशी जी बैठे रहते हैं."

आतून कडी आहे की नाही, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. तरी माझा तोरा उतरेना. "तो मुझसे कहतीं. मैं भी तो औरत हूँ."

ती शांतपणे म्हणाली, "आप भी तो दिन भर नहीं पीतीं. हम रोज़ देखते हैं."

ती खरं बोलत होती. सकाळी इंदिरा नगरच्या घरून निघताना घेतलेल्या चहानंतर, घरी परतेपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नसे. त्याला मी सवय म्हणायचे.

सून पंधरा दिवसांनी कामावर आली. तोवर डबे झाडांमागे गेले होते, आतून कड्या लागल्या होत्या. नकाशाच्या कोपऱ्यात संडासांच्या हिशेबासाठी मी बायकांची संख्या पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. ती खोडली आणि स्वतःला धरून एकानं वाढवून लिहिली.