न जिरलेलं शेवाळ

शाळेतली कंत्राटी नोकरी सुटली आणि मी आदिलाबादजवळच्या एका लहानशा पशुखाद्याच्या शेडमध्ये कामाला लागले. माझ्याकडे सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी होती. तोवर तिचा उपयोग पोरांना पेशीची आकृती काढून दाखवण्यापुरताच झाला होता.

शेडच्या मागे सिमेंटच्या चार उथळ टाक्या होत्या आणि त्यांत हिरवंगार पाणी. त्यात क्लोरेला नावाचं शेवाळ वाढायचं, इतकं बारीक की एकेक पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते गाळायचं, वाळवायचं, कुटायचं, मक्याच्या भरड्यात आणि सोयाबीनच्या पेंडीत मिसळायचं आणि मशीनमधून कोंबड्यांसाठी गोळ्या पाडायच्या, असं आमचं काम. या शेवाळात प्रथिनं भरपूर, पण प्रत्येक पेशीभोवती चिवट कवच असतं. कोंबडीच्या पोटात ते फुटत नाही. म्हणून त्यात एन्झाइम घालायचं. एन्झाइम ते कवच कुरतडतं, मग आतलं सत्त्व कोंबडीच्या अंगी लागतं. पांढरट भुकटीचं ते पाकीट माझ्या ताब्यात असायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा तोराही होता.

गावातल्या सात बायांनी आमच्या गोळ्यांवर कोंबड्या वाढवायला घेतल्या होत्या. त्यांतल्या एक काकू आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, वांगी-मेथी पिकवून बाजारात बसणाऱ्या. मला लहानपणापासून ओळखायच्या, "बाई" म्हणायच्या, एकेरीत बोलायच्या.

तीन आठवडे झाले तरी कोंबड्या वाढेनात. काकूंच्या तर सगळ्यात रोड होत्या. मी पाहणीला गेले तेव्हा त्या बाजारात होत्या आणि खाद्याचं भांडं रिकामं पडलं होतं. मी कोणाला काही विचारलं नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं, "खाद्य वेळेवर दिले जात नाही."

शेड चालवणारे आमचे सर तेलुगू बोलणारे, बायांशी हिंदीत बोलायचे. पुढच्या बैठकीत त्यांनी ती ओळ सगळ्यांसमोर वाचून दाखवली. ते रागावले नाहीत. पण सतरंजीवर बसलेल्या बाकीच्या सहा जणी वळून काकूंकडे पाहायला लागल्या.

काकू उठल्या. "म्या दिलं नाई? पहाटे उठून आधी कोंबड्याइले टाकतो, मंग चूल पेटवतो. कोनं लिवलं हे?"

मी खाली मान घालून पेनाचं टोपण काढत-लावत बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मशीनपाशी होते. काकू पळसाच्या पानावर कोंबडीची विष्ठा घेऊन शेडमध्ये आल्या. पान माझ्या टेबलावर ठेवलं. "मॅडम, हे पाहा तुमी. हिरवं हाये. जसं आत गेलं तसंच भाईर येऊन राह्यलं. खाल्ल्याबिगर येते का हे?"

त्या मला पहिल्यांदाच "मॅडम" म्हणाल्या होत्या. अंगावर गरम पाणी पडावं तसं झालं.

मी चिमूटभर विष्ठा पाण्यात कालवून काचपट्टीवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पेशी दिसल्या. गोल, हिरव्या, एकही फुटलेली नाही. काकू म्हणाल्या, "मले पाहू द्या." एक डोळा मिटून, पदर मागे सारून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"मूग हायेत. न चावता गिळलेले मूग."

म्हणजे काकू खाद्य देत होत्या. कोंबड्या खातही होत्या. काम करत नव्हतं ते माझं एन्झाइम. पण का करत नव्हतं, ते माझ्या डोक्यात येईना. मी प्रमाण दोनदा तपासलं होतं. तोवर काकूंनी मशीनखालून पडणारी गोळी हातात घेतली आणि लगेच टाकून दिली.

"एवढी गरम? तुमची ते पावडर कव्हा टाकता?"

"आधीच. सुक्या पिठात."

"आनि मंग ह्या भट्टीत घालता? उकळत्या दुधात इरजन टाकते का कोनी?"

मी खुर्चीवर बसले. एन्झाइमला ओल लागते, वेळ लागतो, कोमट ऊब लागते आणि उष्णतेनं ते निकामी होतं, हे मी परीक्षेत पानभर लिहिलेलं होतं. शेडमध्ये मात्र मी ते कोरड्या पिठात टाकून लगेच मशीनमध्ये ढकलत होते. पाकिटावर बारीक अक्षरांत तसा इशाराही होता. रजिस्टर भरण्याच्या घाईत मी तो वाचलाच नव्हता.

मग आम्ही पद्धत बदलली. शेवाळ न वाळवता ओला लगदाच ड्रममध्ये घ्यायचा, लिंबाचं सत्त्व घालून थोडा आंबट करायचा, कोमट करून त्यात एन्झाइम ढवळायचं आणि चार-पाच तास तशीच ऊब राखायची. गोळ्या त्यानंतर. कवचं आधीच फुटलेली असली की मशीन कितीही तापलं तरी बिघडत नाही. काकू रोज येऊन पाहायच्या, पण बोलायच्या नाहीत. पहिल्या खेपेला ड्रम थंड पडला. डिसेंबर होता, आणि आमच्याकडची थंडी हाडात शिरते. दुसऱ्या दिवशी काकू घरून जाडजूड वाकळ घेऊन आल्या, ड्रमला गुंडाळली आणि ड्रम उन्हात सरकवला. दुपारी मी थेंबभर लगदा काचपट्टीवर घेतला. बहुतेक पेशी फाटल्या होत्या, हिरवा रस चहूकडे पसरला होता.

"काकू, या!"

त्यांनी पाहिलं. "फुटले वो बाई," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला रडू आलं. त्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

त्या ओल्या लगद्याच्या पहिल्या गोळ्यांना बुरशी धरली आणि त्या फेकून द्याव्या लागल्या. मग गोळ्या पोत्यांवर पसरून नीट वाळवायला शिकलो.

रजिस्टरची ती ओळ मात्र मला टोचत होती. माझी आई लोकांच्या वावरात मजुरीला जायची. एकदा तण निंदताना तिच्या वाट्याची पात मागे राहिली तेव्हा मालकानं चारचौघांत तिला कामचुकार म्हटलं होतं. ती त्या दिवशी अंगात ताप घेऊन गेली होती. त्यानं विचारलं नव्हतं. घरी आल्यावर आई मला एवढंच म्हणाली, "तू शिक." मी शिकले, पेन हातात आलं आणि मीही विचारलं नाही.

मी सरांना सांगितलं की चूक माझी होती, बैठकीत वाचायची आहे. ते म्हणाले, "छोड़िए ना, अब तो ठीक हो गया." मी ऐकलं नाही. ती ओळ खोडून खाली खरं काय झालं ते लिहिलं आणि उभी राहून सगळ्यांसमोर वाचलं.

काकू म्हणाल्या, "झालं ना वाचून? बस आता खाली." त्यांनी मला जवळ घेतलं नाही. घरी जाताना मात्र मेथीची जुडी माझ्या पिशवीत कोंबली.

कोंबड्यांचं म्हणाल तर चमत्कार झाला नाही. दोघी जणी आधीच कंटाळून सोडून गेल्या होत्या. उरलेल्या पाच घरच्या कोंबड्या हळूहळू भरल्या, विष्ठेतला हिरवा रंग उतरला. ड्रमचं काम आता काकूंकडे आहे. थर्मामीटर त्या वाचतात, पण आधी बोट बुडवून पाहतात.

गेल्या वर्षी उटनूरकडच्या एका गावात बायांना ही रीत दाखवायला आम्ही गेलो होतो. सांगत होत्या काकूच, अर्धं मराठीत, अर्धं बाजारातल्या तेलुगूत. एका तरुण बाईनं विचारलं, आधी पावडर टाकून मग गोळ्या पाडल्या तर काय होतं? मी मागच्या ओळीत बसले होते.

काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "पयल्यानं आमचं तसंच चुकलं होतं," त्या म्हणाल्या, आणि ड्रमचं झाकण उघडून त्यांनी तिला पुढे बोलावलं.