आईला अजून सांगितलेलं नाही

नातू पाच वर्षांचा झाला आणि मी जपानी शिकायला घेतलं. तोवर आमचं बोलणं म्हणजे रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर एकमेकांना हात हलवणं. तो भराभर काहीतरी सांगायचा, मी "हो का? अरे वा!" म्हणायचे. मुलगा त्याच्या मागे उभा असायचा. लहर असेल तर त्याचं बोलणं मराठीत सांगायचा, नाहीतर "काही नाही गं, शाळेतलं काहीतरी," म्हणून सोडून द्यायचा.

मुलगा नोकरीसाठी तिकडे गेला आणि तिथलीच मुलगी त्याने केली. सुनेबद्दल माझी काही तक्रार नव्हती. अबोल होती, पण दर वाढदिवसाला आठवणीने आम्हाला दोघांना काहीतरी पाठवायची. ती मंडळी इकडे एकदाच आली होती, नातू दोन वर्षांचा असताना. तेव्हा आम्ही त्याला खडवलीला नदीवर नेलं होतं. पाण्यात पाय बुडवल्यावर तो जो किंचाळला, तो आनंदाने की भीतीने, हे मला कळलं नाही. मला ते विचारताही आलं नाही.

"पोराला मराठी शिकव की," आमचे हे मुलाला फोनवर दर वेळी सांगायचे.

"बाबा, मी घरी येतो तेव्हा तो झोपलेला असतो. कधी शिकवू?"

तिकडे लहान मुलं आजीला 'बाआबा' म्हणतात आणि आजोबांना 'जीजी'. यांना त्याची भारी गंमत वाटायची. "मी जीजी आणि तू बाबा! म्हणजे घरातला कर्ता पुरुष तूच." पण शिकायचा विषय निघाला की हे वर्तमानपत्र उघडायचे. "या वयात माझ्या जिभेला वळण लागणार नाही. तू शिक आणि मला सांग."

डोंबिवलीत जपानीचे क्लास पुष्कळ आहेत. एकात मी जाऊनही आले. सगळी पंचविशीतली पोरं, कंपनीने पाठवलेली. मला एक अक्षर गिरवून होईपर्यंत त्यांचं पान संपायचं. शेवटी आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने ठाण्याच्या बाईंचा नंबर दिला. त्या माजिवड्याला राहत्या घरी एकेकट्याला शिकवायच्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "काकू, एवढ्या लांब कशाला येता? ऑनलाइन घेऊ ना." मी नको म्हटलं. पडद्यावरच्या माणसांचा मला कंटाळा आला होता.

बाई म्हणजे पस्तिशीची मुलगी निघाली. सासू-सासऱ्यांचा टीव्ही बाहेर चालू, आणि आतल्या खोलीत इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी आमचा वर्ग. शिकवताना मात्र ती एकदम कडक व्हायची. "इथे मला सेन्से म्हणायचं, म्हणजे बाई, काकू. आणि दाराशी चपला काढल्या की मराठी बंद." मी तिला विचारलं, तुम्ही किती वर्षं होतात तिकडे? ती हसली. "गेलेच नाही कधी. मी शिकवलेले सगळे गेले." मग पुस्तकाचं पान उलटून म्हणाली, "चला, क्रियापदं."

मी आठवड्यातून दोनदा जायचे. मानपाडा रोडवरून बस, शीळफाट्याला कोंडी, माजिवड्याला मेट्रोच्या कामाचे पत्रे. बसमध्ये पुटपुटत पाठ करायचे. शेजारची बाई मला स्तोत्र म्हणतेय असं समजून सरकून जागा द्यायची.

भाषा मला वाटली तेवढी परकी निघाली नाही. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. प्रश्न विचारायचा तर शेवटी चक्क 'का' लावायचा. 'जेवलास का' हे विचारायला 'गोहान ताबेमाश्ता का.' तो 'का' पहिल्यांदा तोंडातून निघाला तेव्हा मी खुर्चीत हसतच सुटले. सेन्सेही हसली. नोकरीत असताना मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बारीकसारीक फरक बघायची सवय होती. ती अक्षरं ओळखायला उपयोगी पडली असावी.

त्या रविवारी मी नातवाला विचारलं, "गोहान ताबेमाश्ता का?"

तो थबकला. डोळे मोठे केले, आणि मग पोट धरून हसायला लागला. मागून मुलगाही हसला. "आई, तू शाळेतल्या बाईंसारखी बोलतेस म्हणतोय तो."

मी हिरमुसले. सेन्सेला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "माझीच चूक. मी तुम्हाला परक्यांशी बोलायचं जपानी शिकवतेय. शेवटी 'मास', 'माश्ता', 'मासेन' असं काही लावलं की ते बाहेरचं, अदबीचं. दुकानात, ऑफिसात, अनोळखी माणसाशी. घरात आई-मुलगा, नवरा-बायको कुणी असं बोलत नाही. थांबा, आता घरचं शिकवते."

मग मी घरचं शिकले. 'ताबेता?' एवढंच विचारलं की तो उत्तर द्यायचा. काय खाल्लं ते सांगायचा, तोंड उघडून पडलेला दात दाखवायचा. एकदा त्याने मला बराच वेळ एका किड्याची गोष्ट सांगितली. मला निम्मी कळली. हे बाजूला बसून सारखे विचारत होते, "काय म्हणतो? काय म्हणतो?" आणि मी त्यांना हाताने गप्प करत होते. तेवढे काही महिने बरे गेले.

मग रविवारचे फोन चुकायला लागले. कधी नातू झोपलेला, कधी आजोळी गेलेला. दिवाळीला मुलगा एकटाच आला. "त्यांच्याकडे आता सुट्टी नसते ना," म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून आम्ही जास्त विचारलं नाही. तो वाळला होता. जेवताना पानात बघत राहायचा. यांनी दोनदा विचारलं, "बरं आहे ना रे?" "हो, काम जास्त आहे."

एका दुपारी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. हे आत पडले होते. मुलगा बाल्कनीत फोनवर बोलत होता. आवाज काही बारीक केला नव्हता. जपानीत बोलत होता, मग कशाला करेल? मी शिकतेय हे त्याला माहीत होतं, पण माझी मजल 'जेवलास का'पर्यंतच आहे असं त्याला वाटत होतं.

आधी मी कौतुकाने ऐकत होते. किती झरझर बोलतो! फोनवर पलीकडे सून आहे हे कळलं, कारण मध्येच त्याने तिला नावाने हाक मारली. नंतर माझा हात थांबला. तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते अदबीचं 'मास' लावत होता. बायकोशी. वाण्याशी बोलावं तसं.

आणि मग तो म्हणाला, "हाहा नि वा मादा इत्ते इमासेन."

हाहा म्हणजे आई. नि म्हणजे ला. मादा म्हणजे अजून. आईला अजून सांगितलेलं नाही. शब्दाला शब्द, आपल्याच क्रमाने. मला अर्थ लावावाही लागला नाही. तो थेट कळला. त्याच्या आधीच्या वाक्यात एक शब्द दोनदा आला होता, 'रिकोन'. तो मला येत नव्हता. मी तो मनात धरून ठेवला आणि उरलेली मेथी निवडली. त्या संध्याकाळी भाजीत मीठ पडलं नव्हतं. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी क्लास होता. चपला काढल्या तरी मी मराठीतच विचारलं, "रिकोन म्हणजे काय?"

सेन्सेने हातातलं पुस्तक मिटलं. "कुठे ऐकलंत, काकू?"

"तुम्ही अर्थ सांगा."

"एखाद्या सीरियलमध्ये ऐकलं का?"

"अगं, सांग ना."

ती उठली, दार लोटून घेतलं आणि माझ्याशेजारी येऊन बसली. "घटस्फोट," म्हणाली. मग तिने माझा हात धरला. बाहेर टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. त्या दिवशी आम्ही काही शिकलो नाही. तिने चहा केला, आणि निघताना माजिवड्याच्या स्टॉपपर्यंत माझ्याबरोबर आली.

मुलाला परत जायला दोन दिवस होते. हे संध्याकाळी फिरायला गेले तेव्हा मी त्याच्या खोलीत गेले. तो बॅग भरत होता. चकल्यांचा डबा कपड्यांत कुठे बसवावा ते बघत होता.

"रिकोन कधी झालं?" मी विचारलं.

त्याने वर पाहिलं. "कोणी सांगितलं?"

"तूच. बाल्कनीत."

तो डबा हातात घेऊन तसाच पलंगावर बसला. "मला वाटलेलं तुला दोन-चार शब्द येतात."

"दोन-चारच कळले. तेवढे पुरले."

मग तो बोलला. झालं नव्हतं, होणार होतं. सहा महिन्यांपासून ती मुलाला घेऊन माहेरी राहत होती. मारझोड नाही, तिसरं माणूस नाही. "मी घरात नसायचोच, आई. ती म्हणाली, तू असलास काय, नसलास काय, आम्हा दोघांना फरकच पडत नाही. मी काय बोलणार?"

"आणि पोर?"

"तिच्याकडे. मी भांडलो नाही. भांडलो असतो तरी तिच्याकडेच राहिला असता. महिन्यातून एकदा दोन-तीन तास भेटायला देतील."

मी रडले नाही. त्याच्या शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू हे शिकायला नको होतंस, आई." रागाने म्हणाला नाही. पण ते मला लागलं, आणि अजून लागतं.

"बाबांना तू सांगायचंस," मी म्हटलं. "मी सांगणार नाही." त्याने रात्री जेवायच्या आधी सांगितलं. हे ऐकून घेऊन "बरं," एवढंच म्हणाले आणि देवापाशी दिवा लावायचा राहिला होता तो लावायला गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मुलगा परत गेला. जानेवारीत सह्या झाल्या. रविवार मोकळे पडले. महिन्यातल्या त्याच्या दोन-तीन तासांत आम्हाला फोन लाव, असं सांगायला मला तोंड नव्हतं. मी मात्र क्लासला जात राहिले. सुनेला आपणच लिहावं, असं माझ्या मनात आलं. सेन्से म्हणाली, "मी लिहून देणार नाही, काकू. तुम्ही लिहा, मी चुका काढते. तुमचं तुमचंच दिसू दे." मी बसमध्ये, स्वयंपाकघरात जुळवत जुळवत लिहिलं, की आमचा तुझ्यावर राग नाही, तू आमच्यासाठी खूप केलंस, नातवाच्या वाढदिवसाला पाच मिनिटं त्याचा चेहरा बघायला मिळाला तर आम्हा दोघांना बरं वाटेल. सेन्सेने दोनच ठिकाणी खुणा केल्या. मी तिच्यासमोरच संदेश पाठवला.

उत्तर आठवड्याने आलं. मी शब्दकोश घेऊन बसले. माझं जपानी फार सुंदर आहे असं तिने लिहिलं होतं. थंडीत दोघांनी तब्येतीला जपा, असं लिहिलं होतं. आणि शेवटी, सगळं स्थिरस्थावर झालं की, तशी संधी आली तर, जरूर. मी यांना वाचून दाखवलं. यांनी ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. "जरूर म्हणाली ना? बघ, मी म्हणत नव्हतो, मुलगी चांगली आहे!" लगेच खाली जाऊन पेढे घेऊन आले.

त्यातलेच दोन मी डबीत घालून माजिवड्याला नेले. सेन्सेने डबी घेतली, ती उघडायच्या आधी संदेश वाचला, आणि डबी तशीच बाजूला ठेवली.

"काकू, स्पष्ट सांगू?"

"सांगा की."

"आपल्याकडे मुलगी बघून जातात आणि 'कळवतो' म्हणतात ना? हे तसं आहे."

मी म्हटलं, जरूर लिहिलंय त्यात. शब्दकोशात बघितलंय मी.

"शब्द बरोबर आहेत तुमचे. सगळे बरोबर आहेत. पण हे 'नाही'च आहे, काकू."

वाढदिवसाला हे सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसले. मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. मलाच वाटत होतं की सेन्से एखाद्या वेळी चुकत असेल, ती कधी तिकडे गेलेलीही नाही. दुपार टळली तेव्हा सांगितलं. यांनी फोन उलटा करून ठेवला. "त्यांच्या भाषेत 'नाही'ला शब्द नाही का?" म्हणाले.

"आहे."

"मग तो लिहायचा ना. मी पेढे आणले नसते."

पुढे मला क्लासला जाववेना. सेन्से अधूनमधून फोन करते, काकू या, नुसत्या गप्पा मारायला या. मी बघते म्हणते. मुलगा महिन्यातून एकदा नातवाचा फोटो पाठवतो. उंच झालाय. मागच्या फोटोत त्याने कसलंसं चित्र हातात धरलं होतं आणि त्याच्या खाली काहीतरी लिहिलं होतं. मी फोटो मोठा करून बघितला. पहिली दोन अक्षरं ओळखता आली. पुढची आठवेनात.