आईच्या वाटेवरची बेशरम

नोकरीसाठी भोसरीला निघालो, त्या सकाळी आई एस.टी.पर्यंत आलीच नाही. आदल्या दिवशी मी ओढ्याच्या कडेनं बेशरमच्या झुडपाच्या काड्या खोचल्या होत्या, त्यांना पाणी घालत उभी होती. "जा बाबा. कुंपण झालंय, मला काय व्हतंय आता?" म्हणाली. वडील वारलेले, मी एकुलता. महाळुंग्यात आमचं घर मळ्यात, वस्तीपासून लांब. कुंपण फुकटात झालं आणि गुरंही त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून मला माझंच लई कौतुक वाटलं होतं.

दोन वर्षांत बेशरम डोक्याच्या वर गेली. सुट्टीत आलो, कोयत्यानं सपासप तोडली, फांद्या ओढ्यात ढकलल्या आणि शिफ्ट गाठायला पळालो. गावात राहिलेले तुम्ही हसाल, हसा! ओल मिळाली की तिच्या पेरापेराला मुळं फुटतात हे मला ठाऊक होतं, तशीच तर लावली होती. पुढच्या खेपेला बघतो तर दोन्ही काठांना रान माजलेलं आणि आईची पाणी आणायची वाट मधोमध.

त्याच सुमारास आमच्याकडं बिबटे वाढले, गावात त्यांना वाघच म्हणतात. एक दिवस कंपनीच्या गेटवर शेजारच्या बबनभाऊंचा फोन आला. "राव, तुमच्या बेशरमीत वाघाचे ठसे गावलेत. त्या वाटंनं जाऊ नका म्हणलं तरी आई ऐकत न्हाई, तुमी या." आईचं काही झालं असतं तर ते माझ्या हातानं झालं असतं.

आठ दिवसांची रजा टाकली. या वेळी कुदळीनं खणून मुळासकट काढली, खडकावर वाळवली, मग जाळली. पान हललं तरी कुदळ उगारून वळायचो. एकदा संध्याकाळी पाचच्या सुमाराला पलीकडून आईचा आवाज आला. हंडा घेऊन एकटीच येत होती आणि मोठमोठ्यानं बोलत होती, "जेवलास का रं? थंडी हाय का तिकडं?"

"कुणाशी बोलतीस गं?"

"तुझ्याशीच. रोज बोलते. दोन माणसं हायेत असं वाटलं की वाघ वाट सोडतो."

भोसरीला चल म्हणून पाया पडलो. ती आली नाही. एकच काठ साफ झाला आणि रजा संपली.

आता संध्याकाळी पाच वाजले की मशीनवर माझं लक्ष लागत नाही. तुमच्यातले जे माझ्यासारखे घर सोडून आलेत, त्यांना घर म्हटलं की काय आठवतं कोण जाणे. मला ती वाट दिसते. आई माझ्याशी बोलत चाललेली असते, आणि तिथं मी नसतो.