घाटात बसलेला बैल

“पाव्हणं, मागं घ्या त्याला, कडेलोट हुईल,” मुलीचा मामा घाटाच्या तोंडावरून ओरडत होता. बैलाच्या पाठीवर भाताच्या दोन गोण्या होत्या आणि मी पुढून कासरा ओढत होतो.

भानगड अशी झाली. आदल्या आठवड्यात पुतण्यासाठी भोरजवळच्या उत्रोलीची मुलगी बघायला गेलो. पोहे झाले आणि मामा म्हणाला, “पोरगं चांगलंय, पण वेल्ह्याचा डोंगर. तितं पहिल्यापासनं काय न्हाई.” स्थळ निसटतंय म्हटल्यावर मी तोंड सोडलं.

“काय न्हाई? पणजोबाच्या काळी आमच्या घाटानं इतकं बैल कोकणात उतरायचं, की पहिला खाली मीठ चाटायचा तवा शेवटचा आमच्या दारात वैरण खात असायचा.”

“मग बाजार भोरात का भरला? तुमच्याकडं नुसतं धुकंच का जमलं?”

“चला, दाखवतो.”

म्हणून मामा, मुलगी, पुतण्या आणि बैल अशी वरात घाटात आली. पहिलं वळण बैल नवरदेवासारखा उतरला. पुढं वाट संपून कातळातल्या पायऱ्या लागल्या, पाटाएवढ्या रुंद. बैलानं खाली बघितलं, मग कागद न आणलेल्या अर्जदाराकडं तलाठी बघतो तसं माझ्याकडं बघितलं आणि बसला. त्याच्या सात पिढ्यांची तारीफ केली, तरी तो रवंथ करत राहिला. शेवटी गोण्या सोडल्या आणि आम्हीच डोक्यावरून वर आणल्या.

मी हरत नसतो, मुद्दा बदलतो.

“बघितलं मामा? भोरच्या घाटात बैल चालायचा, हितं माणूस. डोक्यावर येतं ते घरात संपतं. बैलावर आलेलं उरतं, आन् उरलं तरच बाजार भरतो. घाम आमच्या लोकांनी तुमच्यापेक्षा लई गाळला, पण एकेका टोपलीभर मिठापायी. डोंगराची खोड आमच्या पोराच्या माथी का मारता? आता डांबरी हाय, टेम्पो दारात येतो.”

मामाला ते पटलं असावं, कारण त्यानं भाचीकडं बघितलं.

“टेम्पो भाताला झाला,” ती म्हणाली. “मला रोज कापूरहोळच्या दवाखान्यात कामाला जायचंय. सकाळची एसटी हाय का?”

एसटी आमच्या अंगणातच वळते, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात, पोह्यांपासून एक शब्द न बोललेला पुतण्या म्हणाला, “न्हाई. मी सोडीन गाडीवर.”