डबीतली गारगोटी

आमच्या लॅबमध्ये मुतखडे येत. हे सांगितलं की लोक नाक मुरडतात. मुरडू देत. सकाळी कर्वेनगरहून स्कूटरला किक मारायची आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पोटातले खडे कुटायचे, यात माझी उमेदीची वर्षं गेली. खडे येत कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीतून, औषधाच्या बाटलीतून. एका काकांनी तर चांदीच्या करंड्यातून आणला होता आणि बजावलं होतं, करंडा परत हवा.

काम तसं सोपं. खडा अगेट या कठीण दगडाच्या इवल्याशा खलात कुटायचा, पोटॅशियम ब्रोमाइडच्या कोरड्या भुकटीत मिसळून यंत्राखाली दाबायचा. टिकलीएवढी, काचेसारखी चकती तयार होते. तिच्यातून इन्फ्रारेड किरण सोडले की प्रत्येक पदार्थ आपले ठरलेले किरण गिळतो आणि कागदावर आलेख उमटतो. खडा ऑक्झलेटचा की यूरिक आम्लाचा, हे त्यावरून कळतं आणि डॉक्टर औषध-पथ्य ठरवतात. पदार्थ आढेवेढे घेत नाहीत, माणसं घेतात. म्हणून माझं माणसांपेक्षा पदार्थांशी बरं जमायचं.

तेव्हा शहराबाहेर, धायरीत शेतं विकली जात होती आणि जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. तिथल्याच एका शेतकरी घरातली, तिशीची बाई डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक डबी घेऊन आली. खडा आपोआप पडला म्हणाली. रिपोर्ट कधी मिळेल हे तिनं इतक्यांदा विचारलं की मी वैतागून म्हटलं, बाई, आधी कुटू तर द्या.

आणि तो फुटेच ना! मुतखडा बत्त्याखाली बऱ्या बोलानं फुटतो. हा नुसता करकरत होता. कशीबशी भुकटी करून चकती बनवली, तर आलेखात आठशेच्या आकड्याजवळ दोन जुळी टोकं. ही क्वार्ट्झची खूण. खलही त्याच जातीच्या दगडाचा असतो, तोच झिजून मिसळला की काय म्हणून खडा न घालता एक कोरी चकती केली. ती स्वच्छ निघाली. म्हणजे ही गारगोटी होती, बांधकामाच्या वाळूत सापडते तसली. माणसाच्या पोटात ती तयार होत नाही.

मला रागच आला. आमचा वेळ काय वाटेवर पडलाय? आणि हे हात दाखवून अवलक्षण कशासाठी? मी बाईला एकटीला बोलावून घेतलं आणि आलेख तिच्यापुढं टाकला. मला वाटलं, कानांवर हात ठेवील. तिनं तसं काही केलं नाही.

"खडा खोटा हाय, मॅडम," ती म्हणाली. "दुखणं खोटं न्हाई."

मग हळूहळू सगळं सांगितलं. कित्येक महिने कळा येत होत्या, उलट्या होत होत्या. एक्स-रे स्वच्छ आला तेव्हापासून सासू म्हणायची, कामाचा कंटाळा, दुसरं काय. नवरा म्हणायचा, खडा असता तर एव्हाना पडला नसता? शेवटी शेजारच्या बांधकामावरच्या वाळूच्या ढिगातून उचलून तिनं हा पाडला. एवढं मुतखडा म्हणून लिहून द्या, म्हणजे घरात कोणी बोलणार नाही, असं तिचं म्हणणं.

मी नाही म्हटलं. नसलेल्या खड्यावर औषध चालू झालं असतं आणि असलेलं दुखणं तसंच राहिलं असतं. यूरिक आम्लाचे खडे एक्स-रेत दिसतच नाहीत, हेही सांगितलं. पण ते सांगताना माझा मलाच आवाज पोकळ वाटला. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते काय उगीच?

तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. ते पक्के पुणेरी. म्हणाले, "गारगोटी खोटी निघाली म्हणून पोट खोटं होत नाही. सोनोग्राफीला पाठवा." बाई म्हणाली, रिपोर्ट न्यायला मालकांनाच घेऊन येते, एकदाचं होऊन जाऊ दे. मी रिपोर्टात लिहिलं: नमुना क्वार्ट्झचा आहे, मूत्रमार्गातला खडा नाही. खाली आणखी एक वाक्य घातलं, जे आजवर कधी घातलं नव्हतं: रुग्णाच्या वेदनेबद्दल या तपासणीवरून काहीही ठरवता येत नाही.

नवरा आला. उभ्या उभ्या पहिली ओळ वाचली आणि हसला. म्हणाला, बघा, मी म्हनतच होतो, हिची नाटकं. बायको मागे खाली मान घालून उभी. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हा रिपोर्ट गारगोटीचा आहे, तुमच्या बायकोचा नाही. खालची ओळ वाचा. आणि तिला नेमकं कुठं दुखतं, ते सांगा बरं मला."

त्यानं ती ओळ वाचली. पोटात, म्हणाला. मग तिच्याकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. तो माझ्याकडे बघेना, तिच्याकडेही बघेना. कागदाची घडी घालत, उलगडत राहिला. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "कुठं गं?"

तिनं पाठ वळवली आणि बरगड्यांच्या खाली, उजव्या अंगाला हात ठेवला. त्यानं तिचा हात बाजूला करून तिथं आपला तळवा ठेवला. वाळूच्या ढिगाची गोष्ट कोरड्या डोळ्यांनी सांगणारी ती बाई आमच्या काउंटरपाशी हमसून हमसून रडली.